दोन तास बावीस मिनिटं

घरातला सेंट्रल हीटिंगचा बॉयलर असो की नऊशे मेगावॅटची अणुभट्टी, बंद नळ्यांतून गरम पाणी फिरवणाऱ्या यंत्राच्या अटी दोनच. पाणी आत राहिलं पाहिजे आणि त्यावर दाब राहिला पाहिजे. ब्रिटनमधल्या घरगुती बॉयलरमध्ये हा दाब, बॉयलर थंड असताना, १ ते १.५ बार असतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, सस्क्वेहाना नदीतल्या थ्री माइल आयलंड बेटावरच्या दुसऱ्या अणुभट्टीत तो सुमारे १४८ बार असे.

दाबाचा काटा उतरत राहिला, तर बहुतेक वेळा पाणी कुठून तरी बाहेर चाललेलं असतं. २८ मार्च १९७९ च्या पहाटे एवढी एक गोष्ट कळायला २ तास २२ मिनिटं लागली.

२४ सप्टेंबर १९७७

ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी डेव्हिस-बेसी हे अणुवीज केंद्र आहे. तिथली भट्टीही थ्री माइल आयलंडसारखी बॅबकॉक अँड विलकॉक्स कंपनीच्याच बनावटीची. त्या दिवशी तिचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह, उघडतो आणि परत मिटत नाही. दाब उतरतो, पण एका मापकावर पाण्याची पातळी चढताना दिसते. पाणी जास्त झालं असं समजून कामगार आणीबाणीचा पाणीपुरवठा कमी करतात. सुमारे २० मिनिटांनी खरा प्रकार ध्यानात येतो आणि त्याच नळीवरचा दुसरा, अडवणारा व्हॉल्व्ह बंद केला जातो.

भट्टी तेव्हा जेमतेम ९ टक्के क्षमतेवर चालू होती. नुकसान झालं नाही.

फेब्रुवारी १९७८

कंपनीतले एक अभियंते, बर्ट डन, अंतर्गत टिपण लिहितात. त्यांचं म्हणणं असं : भट्टी पूर्ण क्षमतेवर असताना हेच घडलं असतं, तर इंधन पाण्याबाहेर उघडं पडण्याची शक्यता होती. आणीबाणीचं पाणी केव्हा तोडू नये, हे सर्व केंद्रांना कळवावं.

टिपण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातं. १३ महिन्यांनंतरही ती सूचना थ्री माइल आयलंडच्या कामगारांपर्यंत पोचलेली नाही.

मार्च १९७९

थ्री माइल आयलंडची दुसरी भट्टी व्यावसायिक वापरात येऊन तीन महिने झाले आहेत. तिचा रिलीफ व्हॉल्व्ह, किंवा शेजारचा एखादा, गेले काही आठवडे थोडा थोडा गळतो आहे. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या नळीचं तापमान कायम जास्त दिसतं. ते ५४ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं तर अडवणारा व्हॉल्व्ह बंद करावा, असं एका नियमावलीत लिहिलेलं आहे. तो बंद केलेला नाही. रोजचाच आकडा म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

घरगुती बॉयलरलाही असाच एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ३ बारवर गेला की तो उघडतो आणि पाणी भिंतीबाहेर काढलेल्या तांब्याच्या बारीक नळीतून पडतं. एकदा उघडल्यावर त्याच्या बैठकीत कण अडकला, तर तो पुन्हा पुरता मिटत नाही. बाहेर थेंब पडत राहतात आणि आत काटा उतरत राहतो.

२६ मार्च

बाष्पजनित्रांना पाणी देणाऱ्या आणीबाणीच्या पंपांची नेहमीची चाचणी होते. चाचणीत दोन व्हॉल्व्ह बंद करावे लागतात. नंतर ते उघडलेले नाहीत.

२७ मार्च, संध्याकाळी ५ च्या सुमारास

टर्बाइनच्या तळघरात पाणी शुद्ध करणाऱ्या आठ टाक्या आहेत. त्यांपैकी एकीत राळेचे मणी तुंबले आहेत. ते मोकळे करायला दाबाची हवा वापरली जाते. एक उलट-रोधक व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकलेला असल्यामुळे थोडं पाणी हवेच्या नळीत शिरतं. हे काम पुढचे ११ तास चालू राहतं.

२८ मार्च, पहाटे ४:००:३७

भट्टी ९७ टक्के क्षमतेवर आहे. हवेच्या नळीत शिरलेल्या पाण्यामुळे बाष्पजनित्रांना पाणी देणारे पंप बंद पडतात. पाठोपाठ टर्बाइनही थांबतं. भट्टीतली उष्णता वाहून नेणारा रस्ता तुटतो.

४:००:४०

दाब १५५ बारवर पोचतो. रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. त्याचं कामच ते.

४:००:४५

नियंत्रण-दांडे खाली पडतात आणि अणुविखंडनाची साखळी थांबते. इंधन मात्र लगेच थंड होत नाही. बंद झाल्याच्या क्षणीही ते पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ टक्के उष्णता देत राहतं. पुढे ती हळूहळू कमी होत जाते.

४:००:५०

दाब १५२ बारच्या खाली आला आहे. व्हॉल्व्हने आता मिटायला हवं. तो मिटत नाही.

नियंत्रण कक्षातला त्याचा लाल दिवा विझतो. हा दिवा व्हॉल्व्हच्या जागेशी जोडलेलाच नाही. ‘मिट’ असा हुकूम गेला की तो विझतो, हुकूम पाळला गेला की नाही ते त्याला कळत नाही. कक्षातल्या माणसांना विझलेला दिवा दिसतो आणि व्हॉल्व्ह बंद झाला असं ती धरून चालतात.

याच सुमाराला बाष्पजनित्रांसाठीचे आणीबाणीचे तीन पंप सुरू होतात. त्यांच्यापुढचे दोन्ही व्हॉल्व्ह दोन दिवसांपासून बंद आहेत. पाणी पुढे जात नाही.

४:०२:३९

दाब सुमारे ११० बारपर्यंत घसरला आहे. आणीबाणीचा उच्च दाबाचा पुरवठा आपोआप चालू होतो. दोन पंप मिनिटाला सुमारे ३,८०० लिटर पाणी आत टाकू लागतात. भट्टीला जे हवं आहे तेच तिला मिळतं आहे.

४:०५

नियंत्रण कक्षात शंभराहून जास्त धोक्याच्या घंटा आणि दिवे चालू आहेत. त्यांतले महत्त्वाचे कोणते, हे सांगणारी सोय नाही.

एडवर्ड फ्रेडरिक आणि क्रेग फॉस्ट हे दोन ऑपरेटर प्रेशरायझरच्या मापकाकडे पाहताहेत. प्रेशरायझर म्हणजे पाण्याचा फुगवटा सामावून घेणारी उंच टाकी. तिच्या वरच्या भागात वाफेची उशी असते आणि खाली पाणी. घरगुती बॉयलरमध्ये हेच काम एक्सपान्शन व्हेसल करतं. त्यात रबरी पडद्यापलीकडे हवा भरलेली असते.

प्रेशरायझरमधली पातळी चढते आहे. टाकी पाण्याने गच्च भरू द्यायची नाही, हे प्रशिक्षणात त्यांच्या अंगी मुरवलेलं आहे. वाफेची उशी गेली तर दाबावर ताबा राहत नाही.

पातळी चढण्याचं कारण वेगळं आहे. कुकरची शिट्टी उचलून धरली की आतलं पाणी उसळून वर येतं, तसं इथलं पाणी टाकीच्या माथ्यावरच्या उघड्या तोंडाकडे ओढलं जातं आहे. खाली भट्टीत ते कमी होतं आहे. भट्टीच्या पात्रात पाणी किती आहे हे दाखवणारं मापक मुळात बसवलेलंच नाही.

ते उच्च दाबाच्या पुरवठ्याचा एक पंप बंद करतात. दुसऱ्याचा प्रवाह मिनिटाला ३८० लिटरच्या खाली आणतात.

दाब उतरतो आहे आणि पातळी चढते आहे. दोन मापकं दोन गोष्टी सांगताहेत. विश्वास पातळीवर ठेवला जातो.

४:०८

फॉस्टना ते दोन बंद व्हॉल्व्ह सापडतात. एकाचा निदर्शक दिवा देखभालीच्या पिवळ्या चिठ्ठीखाली झाकला गेला होता. ते उघडले जातात. बाष्पजनित्रं तोवर कोरडी पडली आहेत. चूक सापडली आणि दुरुस्तही झाली, त्यामुळे पुढचा काही वेळ आजचा बिघाड हाच होता असं वाटत राहतं.

४:११

भट्टीच्या इमारतीच्या तळाशी असलेल्या खड्ड्यात पाणी वाढल्याची सूचना येते. कुठल्यातरी नळीतून पाणी बाहेर पडतंय, एवढंच ती सांगते.

४:१५

उघड्या व्हॉल्व्हमधून आलेलं पाणी ज्या टाकीत जमतं, ती भरून तिची सुरक्षा-चकती फुटते. किरणोत्सारी पाणी इमारतीत सांडू लागतं. या टाकीचं मापक नियंत्रण कक्षात आहे, पण मुख्य फलकांच्या मागच्या बाजूला. समोर बसलेल्या माणसाला ते दिसत नाही.

४:२५ च्या सुमारास

कोणीतरी रिलीफ व्हॉल्व्हच्या नळीचं तापमान मागतं. उत्तर येतं, सुमारे १४० अंश सेल्सिअस. हे तापमान ९३ अंशांवर गेलं तर व्हॉल्व्ह उघडा समजावा, असं आणीबाणीच्या नियमावलीत लिहिलं आहे.

आकडा बरोबर असतो. पण ही नळी गेले काही आठवडे गरमच आहे. शिवाय व्हॉल्व्ह सुरुवातीला काही सेकंद उघडला होताच, त्याची ऊब असेल. आकडा बाजूला ठेवला जातो.

४:३८

खड्ड्यातलं पाणी उपसणारे पंप बंद केले जातात. तोवर ३० हजार लिटरपर्यंत पाणी शेजारच्या इमारतीत गेलं असावं. पाणी एवढं आलं कुठून, याचा माग काढला जात नाही.

घटनांची नोंद छापणारं यंत्र मागे पडू लागलं आहे. पुढे एका टप्प्यावर ते दोन तासांहून जास्त मागे असेल. कागदावर तेव्हा होऊन गेलेली पहाट छापली जात असेल.

५:००

भट्टीतून पाणी फिरवणारे चार मोठे पंप थरथरू लागतात. पाण्यात वाफेचे बुडबुडे मिसळले आहेत. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून ते आता नळ्यांमध्येच उकळतं आहे. घरगुती बॉयलरमध्ये दाब पडल्यावर पंप गुरगुरतो किंवा रेडिएटर वरून थंड आणि खालून गरम लागतो, तेव्हाही पाण्याच्या जागी दुसरं काही शिरलेलं असतं. तिथे ती हवा असते.

५:१४

पंप तुटतील या भीतीने चारपैकी दोन बंद केले जातात.

५:४१

उरलेले दोनही बंद केले जातात. पाणी आपोआप, उष्णतेच्या जोरावर फिरत राहील, अशी अपेक्षा आहे. नळ्यांमध्ये वाफ अडकलेली असल्यामुळे ते फिरत नाही.

आतापर्यंत पाणी आणि वाफ यांचं मिश्रण इंधनावरून वाहत होतं, त्याने थोडी तरी उष्णता निघत होती. पंप थांबल्यावर वाफ वर जाते आणि पाणी खाली बसतं. इंधनाचा माथा उघडा पडू लागतो.

६:००

किरणोत्साराची पातळी चढू लागते. इंधनाच्या कांड्यांवरचं झर्कोनियमचं आवरण फुटू लागलं आहे. तापलेल्या झर्कोनियमची वाफेशी रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो आहे.

पाळी बदलण्याची वेळ झाली आहे. नवी माणसं येताहेत. पहाटे चारला विझलेला दिवा त्यांनी पाहिलेला नाही.

६:२२

नुकतेच आलेले पाळीप्रमुख ब्रायन मेहलर आकडे पुन्हा पाहतात. रिलीफ व्हॉल्व्हची नळी शेजारच्या दोन सुरक्षा-व्हॉल्व्हच्या नळ्यांपेक्षा जास्त गरम आहे. ते अडवणारा व्हॉल्व्ह बंद करायला सांगतात. त्यासाठी कक्षातूनच एक कळ फिरवावी लागते.

दाब चढू लागतो.

२ तास २२ मिनिटांत सुमारे १ लाख २१ हजार लिटर पाणी निघून गेलं आहे, म्हणजे एकूण साठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. सरासरी मिनिटाला ८५० लिटर.

भोक मिटलं आहे, पण गेलेलं पाणी भरून काढायला हवं हे अजून ठरत नाही. आणीबाणीचा पुरवठा पूर्ण जोराने लगेच सुरू केला जात नाही.

७ वाजायला काही मिनिटं

केंद्रापुरती आणीबाणी जाहीर होते. थोड्या वेळापूर्वी एक मोठा पंप चालू केला आहे. थरथरीमुळे तो १९ मिनिटांत पुन्हा बंद करावा लागतो.

७:२४

केंद्राचे व्यवस्थापक गॅरी मिलर सर्वसाधारण आणीबाणी जाहीर करतात.

याच तासात, ७:४५ च्या आसपास, वितळलेल्या इंधनाचा सुमारे २० टनांचा लोळ पात्राच्या तळाशी उतरतो. कक्षात कोणाला हे कळत नाही. अनेक वर्षांनी तळापर्यंत कॅमेरा पोचेल, तेव्हा ते दिसेल.

८ वाजल्यानंतर

गाभ्यातलं तापमान संगणकाकडे मागितलं जातं. ३७१ अंशांच्या वरचा आकडा छापायला त्याला शिकवलेलं नाही. काही जागी तो प्रश्नचिन्हं छापतो. तंत्रज्ञ हाताने मोजतात, तेव्हा काही ठिकाणी हजार अंशांच्या वरचे आकडे निघतात. काही ठिकाणी ते फारच कमी निघतात. एवढी तफावत म्हणजे मोजणीच बिघडली असणार, असं ठरतं.

दुपारी १:५०

इमारतीत धप्प असा आवाज होतो. दाबाचा काटा क्षणभर सुमारे १.९ बारपर्यंत उडतो आणि खाली येतो. साठलेला हायड्रोजन पेटला आहे. कक्षात तो विजेचा बिघाड समजला जातो.

संध्याकाळी ७:५०

एक मोठा पंप चालू राहतो. पाणी पुन्हा इंधनावरून फिरू लागतं. पहिल्या ठोक्याला १६ तास होत आले आहेत.

नंतर

गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला होता. पोलादी पात्र मात्र फुटलं नाही, आणि किरणोत्साराने लगेच कोणाचा जीव गेला नाही. ३० मार्चला गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रियांना आणि शाळेत न जाणाऱ्या मुलांना बाहेर जाण्याचा सल्ला दिला. त्याहून कितीतरी जास्त लोक घरं सोडून गेले. दुसरी भट्टी पुन्हा कधी चालली नाही. सफाईला १४ वर्षं आणि सुमारे एक अब्ज डॉलर लागले.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाचा अहवाल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. आणीबाणीची यंत्रणा सुरुवातीला चालू ठेवली असती, तर हा प्रसंग किरकोळ राहिला असता, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोगाने बोट ठेवलं ते प्रशिक्षणावर, नियमावल्यांवर, कक्षाच्या रचनेवर आणि जुन्या घटनेतून न घेतलेल्या धड्यावर.

घरी

महाराष्ट्रात गिझर बहुधा गच्चीवरच्या टाकीला जोडलेला असतो, म्हणून दाबाचा काटा कोणी पाहिलेला नसतो. ब्रिटनमध्ये राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला तो पहिल्या हिवाळ्यात भेटतो. काटा अर्ध्या बारच्या आसपास आला की बरेच बॉयलर स्वतःच बंद पडतात. भट्टीसारखं काही वितळत नाही, घर गार पडतं. तपासाचा क्रम मात्र त्या पहाटेने शिकवलेलाच आहे : पाणी भरण्याआधी ते कुठे जातंय ते पाहायचं.

संध्याकाळी, बॉयलर थंड असताना

काटा पाहून आकडा आणि वेळ लिहून ठेवावी. नुकतीच रेडिएटरमधली हवा काढली असेल, तर थोडा उतार साहजिक आहे. तसं नसेल तर रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली, सांध्यांपाशी आणि बॉयलरच्या खाली ओल, हिरवट किंवा तांबूस डाग शोधावेत. भिंतीबाहेरची तांब्याची नळी पाहावी. तिच्या तोंडाला कोरडी प्लॅस्टिकची पिशवी सैल बांधून ठेवली, तर रात्रीत किती पाणी आलं ते सकाळी दिसतं.

त्यानंतर पाच मिनिटं

फिलिंग लूप, म्हणजे पाणी भरायची जोडनळी, हळूहळू उघडून काटा १ ते १.५ च्या मध्ये आणावा. मग तिचे व्हॉल्व्ह नक्की बंद करावेत. बंद केले असं वाटणं पुरेसं नाही, काटा स्थिर राहिला आहे का ते पाहावं. तो चढत राहिला तर व्हॉल्व्ह उघडाच आहे.

हीटिंग लावल्यावर अर्धा तास

काटा पुन्हा पाहावा. दोनच्या आसपास गेला तर ठीक. तीनकडे धावला आणि थंड झाल्यावर शून्याकडे आला, तर एक्सपान्शन व्हेसलमधली हवा गेली आहे किंवा त्याचा पडदा फाटला आहे. अशा वेळी पाणी भरून उपयोग नाही. भरलेलं पाणी दर वेळी रिलीफ व्हॉल्व्हमधून बाहेर जाईल.

रात्री

बॉयलर बंद करून थंड होऊ द्यावा. त्याच्या खाली रेडिएटरकडे जाणाऱ्या आणि तिथून परत येणाऱ्या नळ्यांवर व्हॉल्व्ह असतील तर ते मिटावेत. आकडा लिहावा.

सकाळी

काटा जिथल्या तिथे असेल तर गळती घरातल्या नळ्यांत किंवा रेडिएटरमध्ये आहे. उतरला असेल तर ती बॉयलरच्या आत आहे. हीटिंग लावण्याआधी व्हॉल्व्ह पुन्हा उघडावेत.

वर्षातून एक-दोनदा पाणी भरावं लागलं तर काळजी नाही. दर आठवड्याला भरावं लागत असेल, तर ती सवय होऊ देऊ नये. प्रत्येक नव्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो, लोखंड गंजतं, काळा गाळ साठतो आणि तोच पुढे पंप आणि हीट एक्स्चेंजर चोंदवतो. बॉयलरचं आवरण स्वतः काढू नये. ते काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाचं. तो आला की त्याला ‘प्रेशर जातं’ एवढंच सांगून थांबू नये. थंड असतानाचा, तापल्यावरचा आणि सकाळचा असे तिन्ही आकडे वेळेसकट त्याच्या हातात द्यावेत. गळती कुठे आहे ते त्याला आवरण काढण्याआधीच बरंचसं कळलेलं असेल.